‘झोंबी’मधील बाप

गेल्या जून महिन्यांत माधवनगर येथें विद्यार्थ्यांच्या एका गुणगौरव-समारंभास आम्हांस जावें लागलें. परीक्षेंत वर आलेल्या मुलामुलींस नारळ, गुलाबाचें फूल आणि आनंद यादव यांच्या ‘झोंबी’ची एकेक प्रत देण्यांत आली. मुख्य वक्ते बोलण्यांत वाकबगार होते. कागलचा तो पोर उसाला पाणी पाजतां पाजतां कसा शिकला. तुम्हांस तर सारें जागच्या जागीं मिळतें. तेव्हां आईबापांचें ऐका आणि त्यांचीं स्वप्नें पुरीं करा, असा त्यांच्या भाषणाचा सारांश होता. टाळ्या झाल्या. परत येतांना आमच्या शेजारचा, यंदाच दहावी झालेला एक मुलगा सायकल हातांत धरून आमच्याबरोबर चालत होता. पुस्तक त्यानें पूर्वींच वाचलें असावें. स्टेशनच्या रस्त्यास लागल्यावर तो हळूच म्हणाला, “काका, पण त्यानं वडलांचं ऐकलंच नव्हतं की!”

या वाक्यास आमच्यापाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. वक्त्यांनीं एक गोष्ट सांगितली होती आणि पुस्तकांत दुसरीच आहे, हें एका पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या ध्यानांत आलें. आम्ही मात्र सभ्यपणें टाळ्या वाजवून मोकळे झालों होतों. घरीं येऊन पुस्तक पुन्हां वाचावयास घेतलें. त्या वाचनांत जें मनांत आलें तें वाचकांपुढें ठेवीत आहों.

‘झोंबी’ १९८७ सालीं प्रसिद्ध झाली. तिला पु. ल. देशपांडे यांची प्रस्तावना आहे, आणि १९९० सालीं तिला साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. ‘नांगरणी’, ‘घरभिंती’ व ‘काचवेल’ हे तिचे पुढील भाग होत. परंतु वाचकांच्या मनांत घर करून राहिली ती पहिलीच. लेखक आनंद यादव (१९३५–२०१६) हे कोल्हापूर जिल्ह्यांतील कागलचे. कृष्णाकांठच्या आम्हां लोकांस तो मुलुख परका नाहीं. तोच ऊस, तींच गुऱ्हाळें, तीच तालमींतली लाल माती. बोलण्यांतील हेल काय तो थोडा निराळा. या पुस्तकास आत्मचरित्र म्हणावें कीं कादंबरी, यावर पुष्कळ चर्चा होऊन गेली आहे. आम्ही येथें तिला कादंबरी समजूनच बोलणार आहों. घडलेल्या गोष्टींची निवड आणि मांडणी लेखकानें कादंबरीकाराच्या दृष्टीनें केलेली आहे, आणि टीकेचा अधिकार त्या मांडणीपुरताच असतो. कोणाच्या घरांत खरोखर काय घडलें याचा निवाडा करण्याचें तिला कारण नाहीं.

कथेचा सांगाडा साधा आहे. शेतकऱ्याच्या घरांत भावंडांची रांग. बाप मुलाला शाळेंतून काढून शेतावर जुंपतो. मुलाचें मन शाळेकडे ओढ घेतें. आईला तें कळतें, पण शाळेचें नांव काढतांच नवरा कसा उसळतो हेंही तिला ठाऊक असतें. अखेर मायलेंकरें गांवचे वजनदार गृहस्थ दत्ताजीराव देसाई यांच्या वाड्यावर जातात, त्यांस मध्यें घालतात आणि बापाकडून कशीबशी परवानगी मिळवितात. ही परवानगी अटींनीं बांधलेली असते. दिवस उगवण्याच्या सुमारास शेतावर हजर राहावयाचें, अकरा वाजेपर्यंत पाणी पाजावयाचें, तेथूनच शाळेस जावयाचें, शाळा सुटल्यावर तासभर गुरें चारावयाचीं, आणि काम अधिक असेल त्या दिवशीं शाळा बुडवावयाची. मुलगा सारें कबूल करतो. पुढील पुस्तक म्हणजे या कबुलीची किंमत त्याला कशी पै-पैनें मोजावी लागली याचा वृत्तान्त होय.

आतां या बापाकडे पाहूं. वि. स. खांडेकर यांचा जन्म १८९८ सालीं सांगलीस झाला. त्यांच्या ‘ययाति’ या १९५९ सालच्या कादंबरीस पुढें १९७४ चें ज्ञानपीठ पारितोषिक मिळालें, आणि तिच्यामुळें महाभारतांतील एक जुनी कथा मराठी वाचकांच्या घरोघरीं पुन्हां जिवंत झाली. शापानें म्हातारा झालेला राजा आपल्या मुलांकडे त्यांचें तारुण्य मागतो. महाभारतांत थोरला यदु साफ नकार देतो आणि बापाचा शाप घेतो. धाकटा पुरु तारुण्य देऊन टाकतो आणि राज्य मिळवितो. आपल्या परंपरेनें गौरव केला तो पुरूचा. ‘झोंबी’ ही यदूच्या बाजूनें सांगितलेली कथा आहे. तिच्यांतील बाप मुलाचें तारुण्यसुद्धां मागत नाहीं. तो त्याच्याही अलीकडचें, म्हणजे बाळपणच मागतो. आणि ययातीप्रमाणेंच याही बापाच्या मागणींत घरापेक्षां स्वतःच्या मोकळेपणाचा वांटा मोठा आहे. मुलगा शेतावर राबूं लागला म्हणजे आपण गांवांत हिंडावयास मोकळे, हें त्याचें गुपित दत्ताजीराव चारचौघांच्या भाषेंत त्याच्या तोंडावर फेकतात. यदूच्या वंशजांस यादव म्हणतात. लेखकाचें आडनांव तेंच असावें हा निव्वळ योगायोग, पण एखाद्या जुन्या पुराणिकास तो खचित आवडला असता.

एवढ्यावर थांबलें तर बाप हा नुसता खलपुरुष ठरतो, आणि पुष्कळ वाचक त्याला तसेंच समजून पुस्तक मिटतात. परंतु कादंबरींतच एक तपशील आहे, तो या बापाचें मन अधिक उघडें करतो. त्याचें गुऱ्हाळ गांवांत सर्वांच्या आधीं लागतें. सर्वांचा गूळ एकदम बाजारांत आला म्हणजे भाव उतरतो, तेव्हां आपला गूळ आधीं काढून चार पैसे जास्त घ्यावे, हा त्याचा हिशेब. इतर शेतकऱ्यांचें म्हणणें असें, कीं ऊस कांहीं दिवस जास्त उभा राहिला तर रसांतील पाणी कमी होतें, रस दाट येतो आणि गूळ अधिक पडतो. दोन्ही हिशेब आपापल्या जागीं बरोबर आहेत. गुळाचा व्यापार ज्यांनीं जवळून पाहिला आहे ते आमचे सांगलीकर वाचक याची साक्ष देतील. मात्र पहिल्या हिशेबांत उसाला उभें राहूं देण्याइतका धीर नाहीं. जो माणूस ऊस लवकर गाळतो तोच मुलासही लवकर गाळावयास निघतो. हा दुष्टपणाहून निराळा आणि अधिक दुःखद प्रकार आहे. ज्याच्या घरांत पुढच्या महिन्याची शाश्वति नाहीं, त्याला दहा वर्षांनंतरच्या पिकावर विश्वास कसा बसावा? लेखकानें ही गोष्ट बोलून दाखविलेली नाहीं. उसाच्या गोष्टीशेजारीं मुलाची गोष्ट ठेवून तो पुढें गेला आहे, आणि तेंच योग्य झालें.

मुलाच्या बाजूनें पाहिलें तर आणखी एक गोष्ट लक्षांत येते. स्वतःशीं प्रामाणिक राहणें ही आपण फार सोवळी गोष्ट समजतों. ‘झोंबी’त तिचा आरंभ एका लबाडीनें होतो. आपण वाड्यावर येऊन गेलों हें बापास कळूं नये, अशी विनवणी मायलेंकरें दत्ताजीरावांस करतात, आणि पुढचें सारें सहज घडल्यासारखें जुळवून आणलें जातें. जेथें खरें बोलण्याचा परिणाम मार हाच ठरलेला असतो, तेथें खोट्याच्या आडोशानेंच खरी इच्छा जगवावी लागते. ही युक्ति मुलाची एकट्याची नव्हे. तिच्यांत आईचा अर्धा वांटा आहे. नवऱ्यापुढें शब्द न काढूं शकणारी ती बाई अंधारांत मुलास घेऊन दुसऱ्याच्या दारीं जाते, तेव्हां या पुस्तकांतील पहिलें बंड तिनें केलेलें असतें. मुलगा पुढें शिकून गेला. आई मात्र त्याच घरांत राहिली. गुणगौरवाच्या भाषणांत तिचा उल्लेख ‘त्यागमूर्ति’ म्हणून होतो. तिच्या धैर्याचा उल्लेख आम्हीं कधीं ऐकला नाहीं.

शाळेंतील प्रकरणें हा या कादंबरीचा गाभा. मुलगा पुन्हां पांचवीच्या वर्गांत जाऊन बसतो. बरोबरीचीं मुलें पुढें निघून गेलेलीं, आजूबाजूस लहान आणि अनोळखी चेहरे. अंगावरचें धोतर व गळ्यांतला कपडा पाहून कोणी थट्टा करतो, कोणी तो ओढतो. हळूहळू अभ्यासांत मन लागतें, शिक्षकांचें लक्ष जातें, आणि ते त्याला ‘आनंदा’ म्हणून हांक मारूं लागतात. घरीं त्या नांवानें त्याला क्वचितच, तेंही आईकडूनच, हांक आलेली. हा प्रसंग चार ओळींचा आहे, परंतु आमच्या मतें सगळ्या पुस्तकाचा कणा त्यांत आहे. हे खांडेकर मुळचे गणेश आत्माराम. दत्तक गेल्यावर ते विष्णु सखाराम झाले. नवें नांव बहुधा नव्या घराण्याच्या अपेक्षा घेऊन येतें. येथें प्रकार उलटा आहे. नांव जुनेंच, स्वतःचेंच; तें कोणी उच्चारीत नव्हतें एवढेंच. ‘स्वत्व’ म्हणून जी वस्तु आपण मनाच्या कोंपऱ्यांत आयती ठेवलेली आहे असें समजतों, ती अशी दुसऱ्याच्या हांकेनें जागी होते. मुलाला आपण कोण हें आधीं ठाऊक होतें आणि मग तो लढला, असें ही कादंबरी सांगत नाहीं. तो लढत गेला, कोणीतरी त्याला नांवानें हांक मारली, आणि आपण कोण हें त्याला थोडथोडें कळूं लागलें.

त्यानंतर येतात सौंदलगेकर मास्तर. ते मराठी शिकवितात, कविता चालींत म्हणून दाखवितात, स्वतःही लिहितात. त्यांच्या तोंडून कवींच्या आठवणी ऐकतां ऐकतां मुलास एक शोध लागतो, कीं कवि हाही आपल्यासारखाच हाडामांसाचा माणूस असतो. मास्तरांच्या दारावरच्या मालतीच्या वेलावर मास्तरांनींच कविता केली आहे. तो वेल मुलानें डोळ्यांनीं पाहिलेला, ती कविताही त्यानें वाचलेली. मग आपल्या शेतावर, आपल्या गुरांवर कां लिहूं नये? कागद-पेन्सील जवळ नसे तेव्हां काठीनें म्हशीच्या पाठीवर, दगडानें खडकावर तो ओळी लिहितो, आणि पाठ झाल्या कीं पुसून टाकतो. पाणी पाजतांना पूर्वीं जो एकांत खावयास उठे, तोच आतां हवाहवासा वाटतो, कारण कोणी नसलें म्हणजे मोठ्यानें कविता म्हणतां येते, हातवारे करून नाचतांही येतें. त्या नादांत वाफा भरून वाहूं लागतो.

येथें एक विचार करण्याजोगी गोष्ट आहे. ज्या कामाला बापानें त्याला जुंपलें, त्याच कामानें त्याला एकांत दिला. ज्या म्हशीमागें त्याला पिटाळलें, तीच त्याची पाटी झाली. यादवांच्या पहिल्या कवितासंग्रहाचें नांव ‘हिरवें जग’ (१९६०) आहे, आणि त्यांची ‘गोतावळा’ (१९७१) ही कादंबरी तर एका शेतगड्याच्या तोंडून, त्याच्याच बोलींत सांगितलेली आहे. म्हणजे शेत सोडून ज्याला शाळेंत जावयाचें होतें, त्यानें शाळेंतून आणलेलें सारें पुन्हां शेतालाच वाहिलें. बापाशीं झुंजून मिळविलेल्या स्वत्वांत बापानें लादलेल्या मातीचाच भरणा आहे. घर झुगारून दिल्यानें माणूस स्वतः होतो, असें म्हणणाऱ्यांनीं, आणि घराची आज्ञा पाळल्यानेंच तो माणूस होतो, असें म्हणणाऱ्यांनींही या गोष्टीपाशीं थोडें थांबावें.

या झगड्याची खूण कादंबरीच्या भाषेवरही उमटलेली आहे. पात्रें बोलतात तीं कागलच्या बोलींत. निवेदन बहुतेक ग्रंथांच्या मराठींत, अधूनमधून शेतांतल्या शब्दांचे खडे टोचणाऱ्या मराठींत चालतें. बाप व आई ज्या भाषेंत बोलतात त्या भाषेंत लेखक आतां त्यांच्याविषयीं लिहीत नाहीं. त्याच्या गेलेल्या अंतराचें माप यापेक्षां अचूक दुसरें नाहीं.

मराठींतील अशा इतर कादंबऱ्यांशेजारीं ‘झोंबी’ ठेवून पाहिली म्हणजे तिचा विशेष उठून दिसतो. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रांतून येऊं लागली. तिच्यांतील यमूला नवऱ्याच्या सहवासांत स्वतःचें मन सांपडूं लागतें, आणि नवरा जातांच घराणें तिचे केस आणि तिचें मन दोन्ही एकदम हिरावून घेतें. तेथें कुटुंबाचा जय पूर्ण आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’ (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकरास शिक्षण मागावें लागत नाहीं. बाप त्याला पुण्यास धाडतो, पैसे पुरवितो. आणि तो तेथें नापास होतो, गांवीं परततो, आपण कोण हा प्रश्न अनुत्तरित ठेवून गप्प बसतो. ‘कोसल्या’च्या वाचकास शिक्षणाचा फोलपणा जाणवतो, तर ‘झोंबी’च्या वाचकास त्याची भूक. वरवर पाहतां हीं पुस्तकें एकमेकांच्या विरुद्ध आहेत. परंतु दोहोंतील मुलांस बापाच्या हिशेबांतील आंकडा होऊन राहणें जमत नाहीं, एवढें नातें त्यांच्यांत पक्कें आहे. पांडुरंगाच्या बापाचा हिशेब शिक्षणाच्या बाजूनें होता, आनंदाच्या बापाचा त्याच्याविरुद्ध; हिशेब मात्र दोन्हीकडे बापाचाच.

दोष दाखविल्यावांचून टीका पुरी होत नाहीं, आणि ‘झोंबी’ इतकी समर्थ आहे कीं तिचे दोष झांकण्याचें कारण नाहीं. पहिला दोष लांबीचा. कष्ट, मार, उपेक्षा, पुन्हां कष्ट, असे प्रसंग एकापुढें एक येत राहतात, आणि कांहीं ठिकाणीं वाचकाची सहानुभूति थकून त्याची नुसती सहनशीलता उरते. जगलेल्या आयुष्यांत ही पुनरावृत्ति खरीच असते. कलाकृतींत तिची निवड व्हावयास हवी होती. दुसरा दोष अधिक मोठा, व तो बापासंबंधींचा आहे. उसाच्या हिशेबासारख्या जागा सोडल्या तर बापास स्वतःचा असा एक क्षण लेखकानें दिलेला नाहीं. तो रागावतो, मारतो, हिंडतो. एकटा असतांना काय विचार करीत असेल हें आपणांस कळत नाहीं. मार खाणाऱ्या मुलास तें कळणें शक्य नव्हतें हें मान्य. परंतु लिहिणारा लेखक तेव्हां पन्नाशीच्या घरांतला होता. त्या वयाच्या माणसानें आपल्या बापाकडे एकदां बरोबरीच्या नात्यानें पाहिलें असतें, तर पुस्तकाची उंची आणखी वाढली असती. तिसरी एक गोष्ट दोष म्हणून नव्हे, पण अपुरी म्हणून सांगावीशी वाटते. थोरल्या भावाचे हात शाळेंत गुंतले तेव्हां त्यांचें काम कोणाच्या हातांत गेलें? धाकट्या भावंडांचा, विशेषतः बहिणींचा, हा हिशेब वाचकास स्वतःच मनांत मांडावा लागतो.

असें असूनही पुस्तकाचें नांव लेखकानें फार मार्मिक ठेविलें आहे. झोंबी हा आमच्या भागांत कुस्तीचा शब्द. दुरून दगड मारून झोंबी होत नाहीं. समोरच्याच्या अंगाला अंग भिडवावें लागतें, त्याची माती आपल्या अंगास आणि आपला घाम त्याच्या अंगास लागतो. डाव संपल्यावर जो जिंकतो तोही पूर्वीचा राहत नाहीं. या मुलानें बापास सोडून पळ काढला असता तर ती झोंबी झाली नसती. बापापुढें मान तुकविली असती तरीही झाली नसती. भिडणें आणि न मोडणें या दोहोंत मिळून तिचा अर्थ आहे.

आतां पुन्हां त्या समारंभाकडे वळूं. त्या काळीं बाप म्हणे शाळा नको, शेत धर. आज आमच्या भागांतील बाप म्हणतो शेत नको, शाळा धर; आणि शाळेंतही अमुकच विषय, अमुकच परीक्षा, अमुकच पेशा. मागणी उलटी झाली. मागणारा आवाज तोच राहिला. अशा घरांत ‘झोंबी’ ही मुलाच्या हातीं देण्याची भेट न राहतां बापाच्या हातची छडी होते. ‘बघ, तो म्हशीमागून शिकला’, हें वाक्य अभ्यास न करणाऱ्या प्रत्येक मुलास ऐकावें लागतें. ज्या पुस्तकांत एका मुलानें बापाचा हिशेब नाकारला, तेंच पुस्तक दुसऱ्या बापांच्या हिशेबाची पावती व्हावें, हा त्याच्यावर होणारा अन्याय आहे. १८४३ सालीं विष्णुदास भाव्यांनीं जेथें ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणलें त्या सांगलीच्या परिसरांत, आज एखाद्या मुलानें परीक्षा सोडून नाटकाचा किंवा तालमीचा ध्यास घेतला, तर त्याला ‘झोंबी’ वाचावयास देण्याचें धैर्य आपणांपैकीं कितीजणांस होईल? आनंदाचा खरा भाऊबंद तो आहे. व्यासपीठावर नारळ घेणारा असेलच असें नाहीं.

प्रत्येक हट्ट हा स्वत्वाचा हुंकार असतो, असें आम्हांस म्हणावयाचें नाहीं. आनंदानें बापाच्या सगळ्या अटी पाळल्या, पहांटे उठून पाणी पाजलें, गुरें चारलीं, आणि त्यावर शाळा केली. आपल्या इच्छेची किंमत त्यानें दुसऱ्याकडून मागितली नाहीं. खरी ओढ आणि लहर यांतला फरक ओळखण्यास यापेक्षां चांगली कसोटी आम्हांस सुचत नाहीं. ती कसोटी मुलांनीं स्वतःस लावावी, आणि ती लावण्याइतका वेळ बापांनीं त्यांस द्यावा. ऊस थोडा उभा राहूं द्यावा.

शेजारच्या त्या मुलास दुसऱ्या दिवशीं आम्हीं एवढेंच सांगितलें, “खरं आहे तुझं. त्यानं ऐकलं नव्हतं. पण पाणी पाजायचं त्यानं सोडलं नव्हतं, हेही वाचलंस ना?” तो हंसला. आंतून त्याच्या वडिलांनीं त्याला हांक मारली; ती त्याच्या पूर्ण नांवानें होती, आणि तो गेला.